जुन्या फरशीवर नवी फरशी: आधी ठोकून बघा

घरात राहूनच काम उरकायचं असेल, तर आधी जुनी प्रत्येक टाइल नाण्याने ठोकून बघा. बद्द आवाज आला की ती खालून पोकळ. तेवढी उखडून सिमेंटने भरा, नाहीतर वरची नवीही सुटते.

टाइलवर टाइल म्हणजे ८-१० मिमी जाडी, शिवाय ३-४ मिमी अ‍ॅडहेसिव्ह. दारं खालून तासावी लागणार, सुताराला आधीच सांगून ठेवा. जुन्या टाइलच्या गुळगुळीत ग्लेझला (वरच्या चकचकीत थराला) साधं सिमेंट धरत नाही. पॉलिमरवालं अ‍ॅडहेसिव्हच हवं. २४ तास पाय ठेवायचा नाही, म्हणून एका वेळी एकच खोली.

एवढी कटकट नको? ४-५ मिमीचं क्लिकचं एसपीसी (दगडाची पूड आणि प्लास्टिकच्या, एकमेकांत अडकवायच्या पट्ट्या) घ्या, पलंग त्याच दिवशी जागेवर. भिंतीलगत ६-८ मिमी फट सोडा, स्कर्टिंगखाली झाकते.

बाथरूममध्ये घाई नको: उतार बिघडला की पाणी दाराकडे.