आधी गळा, मग पेटी

पेटी शिकायला येणारी पोरं बसल्या बसल्या भाता हलवून बोटं पळवायला लागतात. मी आधी पेटी मिटायला लावतो. ज्याला सूर ओळखायला शिकायचंय त्याने गायला पाहिजे. आवाज भसाडा असला तरी चालतो.

मोबाईलवर तानपुरा लावा. पेटीच्या काळ्या पट्ट्यांतली पुरुषांना साधारण काळी १ किंवा २, बायकांना काळी ४ किंवा ५ सोयीची पडते. धरलेली पट्टी रोज बदलू नका. आधी नुसता सा, हलक्या आवाजात, ‘आ’ म्हणत, लांब. सूर थोडा जरी सरकला असेल तर तानपुऱ्याबरोबर एक थरथर ऐकू येते. जवळ जाल तशी ती मंदावते, सूर लागला की थांबते. ती कानाला कळेपर्यंत पंचमाकडे, म्हणजे प कडे, जायचं नाही. इथेच बहुतेकांना कंटाळा येतो. येऊ दे.

पंचमानंतर गंधार, म्हणजे ग. तो मात्र पेटीवर शोधू नका. तानपुऱ्यातल्या खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या तारेकडे लक्ष द्या, तिच्या नादात गंधार आपोआप उमटतो. स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरलं, तर पेटीचा गंधार या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा निघतो. पेटीवाला असून सांगतोय!

मग घरातल्या कुणालाही पेटीवर बसवा आणि पाठ फिरवा. सुरुवातीला रे आणि ग दोनच सूर, हळूहळू एकेक वाढवा. साऽरेऽग म्हणत चढून उत्तर काढलं तर सुरुवातीला चालेल, पुढे थेट नाव आलं पाहिजे. नुसती नावं आली म्हणून राग कळत नाही. भूप आणि देशकार, दोघांत तेच पाच सूर. भूप गंधारावर रमतो, देशकार धैवतावर. दोन्ही आलटूनपालटून ऐका.

लयीसाठी आपल्या सोलापूरच्या पूर्व भागासारखी, यंत्रमागांच्या वस्तीसारखी जागा नाही. मागाच्या प्रत्येक खटक्याला एक मात्रा धरून हातावर सोळा मात्रांचा तीनताल मोजा, जमलं की दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत. चार माग एकदम चालू असताना एकच पकडून ठेवायचा, खरी कसोटी ती. जवळच्या डीपीची, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुणही ऐका. वीज ५० हर्ट्झची, गुणगुण तिच्या दुप्पट, १०० ची. खर्जातल्या पांढरी ५ पेक्षा ती किंचित चढी असते. तिच्यावर आपला सा कुठे बसतो ते शोधा.

शेवटी तानपुरा बंद करून सा डोक्यात ठेवायचा, बाहेर फिरून यायचं, सा लावायचा आणि मग तानपुरा चालू करून ताडून बघायचा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत माझी पोरं पाळण्यांच्या आणि भोंग्यांच्या कल्लोळातून जाऊन येतात. काळी १ चा सा घेऊन गेलेला काळी २ वर परततो आणि बाकीचे ओरडतात, ‘सा कुठं सोडून आलास बे?’