रीफ टँकमध्ये रोजची भर गोड्या पाण्याचीच

रीफ टँकमधून, म्हणजे जिवंत प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतून, बाष्पीभवनाने पाणी उडून जातं, मीठ मात्र टाकीतच राहतं. म्हणून पातळी खाली गेली की भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची (पडद्यातून गाळून क्षार काढलेल्या), मिठाच्या पाण्याची नाही. नवखे नेमके इथेच गडबडतात. 100 लिटरच्या टाकीत क्षारता, म्हणजे पाण्याच्या हजार भागांतलं मीठ, 35 असेल आणि 10 लिटर पाणी उडालं, तर ती 39 च्या घरात जाते. अशा वेळी प्रवाळ आक्रसतात, गोगलगायी काचेवरून गळून पडतात. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना, तेही आदल्या दिवशी कालवून, पंप लावून ढवळत ठेवलेलं.

मुंबई-पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात हे जास्त जपावं लागतं. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) परवडत नाही म्हणून आपण पाण्यावर पंखा सोडतो. तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं खरं, पण पाणीही झपाट्यानं आटतं. संप (टाकीखालची जोडटाकी) असेल तर घट रिटर्न पंपाच्या, म्हणजे पाणी परत वर चढवणाऱ्या पंपाच्या, कप्प्यातच दिसते. तिथे काचेवर मार्करने रेघ मारा आणि सकाळ-संध्याकाळ रेघेपर्यंत भरा. जमलं तर फ्लोटवर चालणारा ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारं उपकरण, घ्या. माझ्या मते भारी लाइटच्या आधी पैसे इथे घालावेत.

नळाचं पाणी टाळा. त्यातल्या फॉस्फेटने शेवाळ माजतं, आणि तांब्याचा अंश कोळंबीला मारक. आरओच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्याजवळ हवा. घरच्या प्युरिफायरचा बहुधा नसतो. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मात्र 35 क्षारतेच्या तयार द्रावणानेच जुळवा.