डिश फिरवायच्या आधी नंबर काढा: ५ गिगाहर्ट्झ लिंकचा सिग्नल कसा लावायचा

लांबच्या वस्तीवर नेट न्यायचं म्हणून दोन्हीकडे डिश चढवतात, मोबाईलवर काहीतरी सिग्नल दिसला की नट आवळून खाली उतरतात आणि मग लिंक (दोन डिशमधली वायरलेस जोडणी) सारखी पडते. त्यापेक्षा किती सिग्नल यायला पाहिजे हे घरी बसूनच काढून ठेवा.

समजा अंतर ५ किमी आणि फ्रिक्वेन्सी ५.८ गिगाहर्ट्झ, तर हवेतच साधारण १२२ डीबी (सिग्नल किती वाढला-घटला ते मोजायचं माप) जातात. दोन्हीकडे २३ डीबीआयची डिश (हा डिशचा गेन, म्हणजे ती सिग्नल एका दिशेला किती एकवटते ते), पॉवर १३ डीबीएम (सिग्नलची ताकद, १ मिलिवॅटच्या तुलनेत). १३च का, तर आपल्याकडे बिनलायसन्सच्या ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ पट्ट्यात डिशचा गेन धरून ३६ डीबीएमच्या वर जाता येत नाही. १३ + २३ + २३ − १२२ = −६३ डीबीएम. हे झालं टार्गेट (उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरात), दोन-तीन डीबी इकडेतिकडे चालतं. −८० वर लिंक लागली म्हणून खूश होऊ नका, बहुतेक तुम्ही साइड लोबवर आहात, म्हणजे मेन बीमच्या बाजूला जो कमजोर बीम असतो त्यावर.

आता अलाइनमेंट. ऑटो पॉवर (रेडिओ आपोआप पॉवर कमी-जास्त करतो ते) बंद, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर फिक्स. एका वेळी एकच डिश हलवायची, दुसरीकडचा माणूस फोनवर पण हात खिशात! आधी डावी-उजवी, मग वर-खाली. जरा हलवा, दोन-तीन सेकंद थांबा कारण रीडिंग उशिरा बदलतं, आणि नंबर चांगला आला तरी तिथे थांबायचं नाही, पुढे जाऊन नंबर पडू द्या, मग उलट या. पीक (सर्वात जास्त सिग्नलची जागा) सपाट असतो, नेमका सापडत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना ३ डीबी कुठे पडतात तिथे पाइपवर मार्करने खूण करा आणि मधोमध या. नट आवळतानाही स्क्रीनवर लक्ष ठेवा, डिश तेव्हाच सरकते.

दोन चेनमध्ये (एकाच डिशमधून जाणारे उभ्या-आडव्या लहरींचे दोन वेगळे सिग्नल) ५-६ डीबीपेक्षा जास्त फरक असेल तर डिश तिरकी बसलीये का, कनेक्टरमध्ये पाणी गेलंय का बघा.

सगळं करूनही १०-१५ डीबी कमीच येत असतील तर अडथळा शोधा. समोरचा टॉवर डोळ्याला दिसतो म्हणजे लाइन क्लिअर असं नसतं राव. ५ किमीच्या लिंकला मधोमध फ्रेनेल झोनची (दोन डिशमधल्या सरळ रेषेभोवतीचा, मध्ये फुगलेला पट्टा, ज्यातून सिग्नल जातो) त्रिज्या ८ मीटर असते, त्यातले निदान ५ मीटर मोकळे पाहिजेत. उन्हाळ्यात लावलेली लिंक पावसाळ्यात मार खाते ती याचमुळे, ५ गिगाहर्ट्झला पाऊस फारसा नडत नाही, नडतो तो झाडाचा ओला पाला.

जवळच्या लिंकला उलटं, −३५ वगैरे आला तर रिसीव्हर ओव्हरलोड होतो, पॉवर कमी करून −५० च्या आसपास आणा. आणि सिग्नल मस्त पण स्पीड नाही, असं असेल तर नॉइज (त्याच चॅनलवरचा बाकीचा गोंगाट) बघा. −६३ सिग्नल आणि −९५ नॉइज म्हणजे ३२ डीबीचा फरक, झकास. तोच नॉइज −७५ असेल तर डिशला हात लावू नका, चॅनल बदला.