कथेत सापळा रचताय? या चुका टाळा

एकांकिका स्पर्धांचा मोसम आला की नागपुरातल्या संहितांमध्ये भूसुरुंग, दारामागचा बॉम्ब नाहीतर किल्ल्यातला जीवघेणा खजिना हमखास भेटतो. शॉर्टफिल्मवाल्यांकडे तर जरा जास्तच. प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागावा एवढीच लेखकाची इच्छा असते, आणि ती रास्त आहे. तरी बहुतेक वेळा प्रेक्षक मागे रेलून बसलेला असतो, कारण लेखकाची सगळी मेहनत तारा, टायमर आणि धमाक्यावर खर्ची पडलेली असते. सापळा खरा रचला जातो तो समोरच्याच्या सवयीवर, लोभावर, नाहीतर घाईवर. यंत्र त्यानंतर येतं.

‘खट्’ झालं आणि जवान थिजला

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक हीच. जवानाचा पाय पडतो, ‘खट्’ असा आवाज येतो, आता पाय उचलला की स्फोट. मग मित्राशी दहा मिनिटांचा संवाद, घरची आठवण, पार्श्वसंगीत. प्रत्यक्षात बहुतेक व्यक्तिविरोधी सुरुंग दाब पडताच फुटतात. ते सूचना देत नाहीत आणि निरोपाला वेळही देत नाहीत. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन ‘एस-माइन’ जमिनीतून साधारण मीटरभर उडून फुटायचा. त्याच्याबद्दलही दोस्त सैन्यात हाच समज पसरला होता की पाय उचलेपर्यंत धोका नाही. पण तो एकदा चेतला की काही सेकंदांत उडायचाच, पाय ठेवा नाहीतर काढा.

यावर उपाय असा की ताण पाय पडण्याआधी आणा. गडचिरोलीत रस्ता तपासणारी तुकडी श्वान आणि शोधयंत्र घेऊन वाहनांच्या पुढे पायी चालते. मळलेली पायवाट सोडून रानातून जायचं आणि गेलेल्या वाटेने परत यायचं नाही, हे जवानांच्या अंगवळणी पडलेलं असतं. पाणी संपत आलंय, वर ऊन तापलंय आणि समोर सरळ सोपी वाट दिसतेय. तुमचं नाट्य इथे आहे. लाल तार की हिरवी तार हा प्रसंगही याच कारणासाठी काढून टाका. ज्याला माणसं मारायची आहेत तो चमकणारे आकडे आणि सोयीचे रंग ठेवून जात नाही.

आमिष कुठे आहे?

या एका प्रश्नावर निम्म्या संहिता गळतात. खलनायक कुठेतरी काहीतरी पुरतो आणि नायक नेमका तिथेच जातो. का जातो, हे कुणी सांगत नाही.

आपल्याकडचं याचं सर्वोत्तम उदाहरण महाभारतात आहे. लाक्षागृहाची गोष्ट सगळ्यांना येते, पण लाख आणि आग एवढीच लक्षात राहते. मूळ रचना बघा. धृतराष्ट्राचे मंत्री दरबारात वारणावताचं कौतुक सुरू करतात: नगर किती रम्य, तिथला उत्सव किती थोर. पांडवांना स्वतःलाच जावंसं वाटेपर्यंत हे चालतं. सापळा तिथे पडला, घर नंतर बांधलं गेलं. घरात शिरताच युधिष्ठिराला तूप आणि लाखेचा वास येतो. तो भीमाला सांगतो, आणि तरी ते तिथेच राहतात. विदुराने पाठवलेला खनक आतून भुयार खणतो, पांडव दिवसा शिकारीच्या निमित्ताने रानवाटा पाहून ठेवतात, आणि ते घर बांधणाऱ्या, दुर्योधनाच्या मर्जीतल्या पुरोचनाला वाटत राहतं की यांना काहीच माहीत नाही. सुमारे वर्षभर दोन्ही बाजू एकाच छताखाली विश्वासाचं सोंग करतात. यातून एक अख्खी दोन अंकी संहिता निघेल आणि शेवटपर्यंत एकही धमाका लागणार नाही. आग लागली त्या रात्री घरात एक निषाद स्त्री आणि तिचे पाच मुलगेही जळाले, हेही विसरू नका. सापळ्याची किंमत बहुतेक वेळा ज्याचा त्या वैराशी संबंध नाही असा कुणीतरी मोजतो. आपल्या संहितांमध्ये तो माणूस जवळजवळ कधीच नसतो.

युद्धातही हेच. १९१७ च्या मार्चमध्ये जर्मन सैन्य फ्रान्समधल्या हिंडेनबर्ग रेषेकडे मागे हटलं तेव्हा त्यांनी शिरस्त्राणं आणि आठवण म्हणून उचलाव्याशा वाटणाऱ्या वस्तूंना सुरुंग जोडून ठेवले होते. बापोम गावातलं नगरभवन मात्र त्यांनी सुस्थितीत सोडलं. ऑस्ट्रेलियन सैनिक गावात आले, आठवडाभर काही घडलं नाही, सैनिकांना गरम कॉफी देणारी माणसं त्या इमारतीत झोपू लागली. २५ मार्चच्या रात्री ती उडाली. निवारा हेच आमिष होतं आणि बाकीचं काम त्या शांत आठवड्याने केलं.

आणि गडचिरोलीतलं जांभुळखेडा. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. आदल्या रात्री कुरखेडा तालुक्यात नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली. जाळपोळ झाली म्हणजे पोलीस येणार, हे त्यांना ठाऊक होतं. शीघ्र कृती दलाचे जवान खासगी वाहनातून निघाले आणि वाटेत स्फोट झाला. १५ जवान आणि वाहनाचा चालक गेला. कर्तव्यावर निघण्याच्या वृत्तीलाच इथे आमिष बनवलं होतं. नागपूरहून काही तासांच्या अंतरावरची ही गोष्ट आहे. तुमचं नाटक उद्या तिथल्या वडशाला किंवा एखाद्या गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, लागलं, तर पहिल्या रांगेत त्यातल्या कुणाच्या घरचं माणूस बसलेलं असू शकतं. एवढं मनात ठेवून लिहा.

आमिष सुचत नसेल तर एक साधा प्रयोग करा. ओस पडलेलं गाव घ्या, तहानलेली तुकडी घ्या आणि विहिरीच्या काठावर भरलेली घागर ठेवा. गावात माणूस नाही, मग घागर भरली कुणी? हा प्रश्न पात्राला कधी पडतो, आणि पडल्यावरही त्याचा हात पुढे जातो का, एवढंच लिहा.

हजार वर्षं ताजा राहिलेला खटका

खजिन्याच्या गोष्टीत दोर कुजत नाही, लाकडाला वाळवी लागत नाही, धनुष्याचा ताण जात नाही, आणि बाण सुटल्यावर ते पुन्हा कोण चढवतं तेही कळत नाही. चीनचा पहिला सम्राट छिन श-हुआंग याच्या समाधीत आपोआप बाण सोडणारी धनुष्यं बसवली होती, असं सिमा छियान या इतिहासकाराने लिहिलं आहे, पण सम्राटाच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी. मुख्य समाधी अजून उघडलेली नाही. हे सिद्ध सत्य म्हणून वापरू नका, दंतकथा म्हणून खुशाल वापरा.

त्यापेक्षा देवगिरी किल्ल्यातली अंधारी, म्हणजे वर जाणारी भुयारी वाट, बघून या. गुडुप काळोख, वळणावळणाचा चढ, आणि वरच्या तोंडाशी जाळीवर विस्तव पेटवून धूर आत सोडायची सोय. खटका नाही, दोर नाही. मात्र वर जागा असलेला माणूस लागायचा, आणि तो माणूस तुमचं पात्र होऊ शकतो.

शेताभोवतीची तार

विदर्भातल्या संहितांमध्ये हल्ली हे वाढलंय. गांजलेला शेतकरी कुंपणात वीज सोडतो, सावकार चिकटतो, टाळ्या. खरं काय होतं ते आपण बातम्यांत वाचतोच: रानडुकरासाठी सोडलेल्या तारेला वाघ लागतो, शेजारचा गडी लागतो, घरचं पोर लागतं. कायदाही स्पष्ट आहे. बिहारमधल्या एकाने परक्यांनी वापरू नये म्हणून आपल्या शौचालयाच्या वाटेवर उघडी वीजतार लावली आणि एक बाई दगावली. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम ठेवली. ती परवानगीशिवाय आली होती, हा बचाव चालला नाही. शेतकऱ्याचा राग पूर्ण ताकदीने लिहा, पण दुसऱ्या दिवशीची सकाळ गाळू नका.

बाहुलीतला बॉम्ब

तो चतुराई म्हणून लिहिला जातो. सुरुंग आणि अशा सापळ्यांबाबतच्या १९९६ च्या सुधारित आंतरराष्ट्रीय करारानुसार खेळणी, अन्न, स्वयंपाकाची भांडी, देवाधर्माच्या वस्तू, जखमी आणि मृत यांना स्फोटकं जोडायला मनाई आहे. भारतही त्याला बांधील आहे. म्हणून तुमच्या नायकाच्या हातून हे होत असेल तर तो गुन्हा करतोय, आणि कथेतल्या कुणाला तरी ते कळलं पाहिजे.

प्रयोगाचं थोडक्यात: विंगेत सुतळी बॉम्ब फोडू नका, ध्वनिमुद्रण वापरा. तारांचा नकली बॉम्ब पिशवीत घालून बसने किंवा रेल्वेने नेऊ नका. तो सुटा करून न्या, सभागृहातच जोडा, आणि तालमीआधी तिथल्या व्यवस्थापकाला व सुरक्षारक्षकाला दाखवून ठेवा.