नाताळचा खाऊ आणि दिवाळीचा हात: या चुका टाळा

पहिल्या वर्षी माझे कुलकुल, म्हणजे नाताळचे शिंपल्यासारखे वळून तळलेले गोड तुकडे, तेलातच उकलले. गोड शंकरपाळ्याचंच तर पीठ, असं समजून मी अर्ध्या किलो मैद्याला वाटीभर कडकडीत मोहन घातलं होतं. कढईत सोडल्यावर आधी नुसता फेस आला, मग एकेकाची गुंडाळी सुटली आणि तळाशी भुगा जमला. आम्ही ठाण्यात चरईत राहतो. समोरच्या दारातल्या आंटी ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या इथल्याच ख्रिस्ती, घरात मराठीच बोलतात, फक्त हेल वेगळा. झाऱ्यातला भुगा बघून त्या म्हणाल्या, "अगो, शंकरपाली नाय ती. हात दिवालीचा लावलास तू."

त्यानंतर दर डिसेंबरात मी त्यांच्या ओट्याशी जाऊन उभी राहते. एवढ्या वर्षांत लक्षात आलं ते असं, की फराळ करणाऱ्या बाईला नाताळचं अर्धं काम आधीच येत असतं. पाक ओळखता येतो, तळण्याचा ताव कळतो, आकाशकंदील बांधता येतो. फसतं ते उरलेल्या अर्ध्यात, कारण तिथेही आपण तोच अंदाज चालवतो.

कुलकुल: मोहन, पीठ आणि पाक

अर्धा किलो मैद्याला दोन मोठे चमचे तूप किंवा लोणी पुरतं. सोबत दोन मूठ बारीक रवा, अर्धी वाटी पिठीसाखर, चिमूटभर मीठ, एक अंडं आणि मळायला नारळाचं दूध, लागेल तसं. अंडं नको असेल तर नारळाचं दूध थोडं वाढवा, काही बिघडत नाही. पीठ पुरीच्या पिठाइतकं घट्ट हवं. तासभर ओल्या फडक्याखाली ठेवा, आणि वळतानाही फडकं काढून टाकू नका. ही चूक सगळ्यांत जास्त होते. चार जणी गप्पा मारत वळत बसतात, पीठ परातीत उघडं राहतं, वरून सुकतं, आणि सुकलेल्या पिठाची कड एकमेकीला चिकटत नाही. न चिकटलेली कड तेलात उघडणारच.

वळायचं असं. बोराएवढी गोळी घ्या. काट्याच्या उलट्या बाजूवर (आंटींकडे यासाठी एक कोरा कंगवा वेगळा ठेवलेला असतो) अंगठ्याने दाबत पसरा. पातळ पट्टी झाली की एका टोकाकडून गुंडाळत आणा, म्हणजे शिंपल्यासारख्या रेघा वर येतात. शेवटची कड बोटाने नीट दाबा आणि ताटात ठेवताना ती खाली येईल असं ठेवा. आधी दोनच सोडून बघा. फेस येऊन सुटायला लागले तर मोहन जास्त झालंय. उरलेल्या पिठात मूठ-दोन मूठ मैदा आणि थोडं नारळाचं दूध घालून परत मळा. बाहेरून लाल आणि आतून कच्चे निघाले तर आच मोठी आहे.

साखरेत घोळवताना मात्र दिवाळीचा हात लावा, तो इथे कामाला येतो. एकतारी पाकात टाकलेले कुलकुल ओले राहतात आणि दुसऱ्या दिवशी डब्यात एकमेकांना चिकटून ढेकूळ होतो. पाक गोळीबंद होत आला की गॅस बंद करा, कुलकुल घाला आणि परातीत हलवत राहा. साखर पांढरी, कोरडी दिसेपर्यंत थांबायचं नाही.

रोझ कुकी साच्याला चिकटते

रोझ कुकी म्हणजे साचा पातळ पिठात बुडवून तेलात तळलेलं फूल. ते चिकटण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, साचा गार असतो. नवीन लोखंडी साचा आणला की धुऊन, पुसून रात्रभर तेलात बुडवून ठेवा. करायच्या वेळी कढईतल्या तेलातच तो तापू द्या आणि मग पिठात बुडवा, तोही पाऊण उंचीपर्यंतच. पीठ वरच्या काठावरून गेलं तर फूल साच्याला कवेत घेऊन बसतं, मग सुरीने खरवडा. साचा फार तापला तर उलटंच होतं, पीठ चर्रकन सुटून भांड्यातच राहतं. पहिली दोन-तीन फुलं बिघडतात, ती पोरांना द्यायची. दर वेळी पीठ ढवळून घ्या, नाहीतर तांदळाची पिठी तळाला बसते.

केक: इथे अंदाज चालत नाही

चिवड्यात मीठ कमी पडलं तर वरून भुरभुरता येतं. केक एकदा आत गेला की संपलं. म्हणून पन्नास-शंभर रुपये वाचवायचेच असतील तर सुक्यामेव्यात वाचवा, वजनकाट्यात नको. सात इंची डब्याला माझं साधं माप: मैदा, लोणी आणि साखर प्रत्येकी २०० ग्रॅम, अंडी ४, बेकिंग पावडर एक सपाट छोटा चमचा, सुकामेवा ३०० ग्रॅम. मनुका, बेदाणे, खजूर, संत्र्याची साल, काजू वाशीच्या मसाला मार्केटातून एकदम आणले तर शेजारच्या दोघींत वाटून घेता येतात. थोडंसंच हवं असेल तर जांभळी नाक्यावर मिळतं.

सुकामेवा भिजवताना एक घोटाळा हमखास होतो. रममध्ये महिनाभर भिजवतात हे ऐकलेलं असतं. घरात रम चालत नाही, म्हणून संत्र्याचा रस घालतात आणि बरणी तशीच ओट्यावर ठेवून देतात. रमने फळं टिकतात, रसाने नाही. आपल्या हवेत दोन-तीन दिवसांत बरणीला बुडबुडे येतात, झाकण उघडलं की आंबूस वास. रसात भिजवायचं तर आदल्या रात्री, फ्रीजमध्ये, आणि बास.

साखर जाळून रंग आणायचा असतो त्या जागी दोन चुका. घाबरून लवकर उतरवली की केक फिका दिसतो. फोनवर बोलत राहिलात की काळी होऊन केक कडू. तांब्याच्या भांड्यापेक्षा थोडा गडद रंग आला की गॅस बंद. मग त्यात पाणी घालायचं ते गरमच, तेही बाजूला उभं राहून, चमच्याचमच्याने. गार पाणी ओतलं तर उकळती साखर मनगटापर्यंत उडते. माझ्या डाव्या हातावर अजून डाग आहे. तयार पाक सगळाच्या सगळा पिठात रिकामा करू नका, वरच्या मापाला चार-पाच चमचे पुष्कळ झाले. जास्त झाला की पीठ सैल होतं आणि सगळा मेवा तळाला जाऊन बसतो.

मेवा बसण्याचं दुसरं कारण म्हणजे तो भिजवलेल्या रसासकट घातलेला असतो. निथळा, मापातल्याच मैद्यातला एक-दोन चमचे मैदा लावून घोळवा, आणि शेवटी हलक्या हाताने मिसळा. अंडी घातल्यावर मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर अंडी फ्रीजमधली आहेत. चमचाभर मैदा घाला, सावरतं. पुढच्या वेळी लोणी आणि अंडी तासभर आधी बाहेर काढून ठेवा.

भाजताना ओव्हन १६० अंशांवर, आधी दहा मिनिटं रिकामाच तापवलेला. साधारण तास ते सव्वा तास. केक मध्ये डोंगरासारखा फुगून तडकला तर आच जास्त होती. मध्ये खचला तर एक तर अर्ध्या वेळेआधी दार उघडलंत, किंवा "चांगला फुगू दे" म्हणून सोडा वाढवलात. सोडा आणि बेकिंग पावडर हे एकमेकांच्या जागी घालायचे पदार्थ नाहीत. जास्तीच्या सोड्याने केकला साबणासारखी चव येते. बिनअंड्याच्या केकमध्ये दह्याबरोबर सोडा लागतो, तोही पाव-अर्धा छोटा चमचाच.

कुकरमध्ये करणाऱ्यांनी रिंग आणि शिट्टी दोन्ही काढायची. आत पाणी नाही, तळाला मीठ किंवा वाळू, त्यावर स्टँड, मंद आच. आणि कुकर जुना घ्यावा, रोजचा वरण-भाताचा नाही. कोरडा तापून तो काळवंडतो. सासूबाईंचा मोठा कुकर मी असाच घालवला. तो विषय आमच्याकडे अजून निघतो.

गरम केक कापू नका. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच कापतात. फळांचा केक दुसऱ्या दिवशी नीट कापला जातो आणि तिसऱ्या दिवशी चवीला लागतो.

ढवळायचे पदार्थ

मिल्क क्रीम म्हणजे दूध, साखर आणि काजूचं वाटण. बर्फी जमणाऱ्या बाईला हे शिकवायला नको. साच्यातून सुटत नसेल तर कमी आटलंय, परत कढईत घाला. भुसभुशीत झालं तर जास्त आटलंय, चमचाभर दूध शिंपडून मंद आचेवर एकजीव करा. मार्झिपॅनसाठी (काजू-साखरेचा मऊ गोळा) काजू मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. एकदम फिरवले की तेल सुटतं आणि गोळा तुपकट होतो.

पेरूचं चीज, म्हणजे पेरूची वडी, डिसेंबरात करावं, पेरू चांगले असतात. पण पिकून मऊ झालेले सगळेच घेतले तर वडी पडत नाही, चाटण होतं. पेरू घट्ट करणारं पेक्टिन थोड्या कच्च्या फळात जास्त असतं, म्हणून दोन-तीन करकरीत फळं मुद्दाम मिसळा आणि लिंबू पिळा. ढवळायला लांब दांड्याचा लाकडी चमचा घ्या. मिश्रण आटायला लागलं की ज्वालामुखीसारखं उडतं.

चॉकलेट वितळवताना पाण्याचा एक थेंब पडला तरी ते दाणेदार, घट्ट होऊन बसतं. खालचं पाणी खळखळ उकळू देऊ नका, भांडं आणि साचे कोरडे ठणठणीत पुसा. फ्रीजमधून काढल्या काढल्या कागदात गुंडाळलेल्या चॉकलेटला घाम येतो. दहा मिनिटं पंख्याखाली राहू द्या.

डबा देताना

कोमट कुकीज डब्यात भरून झाकण लावलं की आत वाफ धरते आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या मऊ. पूर्ण गार होऊ द्या, मग भरा. त्याहून मोठी चूक म्हणजे चिठ्ठी न लावणं. डब्यावर स्वच्छ लिहा: अंडं आहे की नाही, रम आहे की नाही, काजू-बदाम आहेत की नाहीत. डिसेंबरात बहुतेक वेळा मार्गशीर्षातले गुरुवार असतात. आमच्या मजल्यावर त्या दिवशी दिलेला अंड्याचा केक न उघडता परत आला होता आणि दोन्ही घरं उगाच अवघडली. जैन शेजाऱ्यांच्या डब्यात मार्शमॅलो टाकू नका, त्यात बहुतेक वेळा जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून करतात.

चांदणी आणि गोठा

चांदणीचा कंदील दुकानात शंभर तऱ्हांचा मिळतो, पण कामट्यांचा घरी बांधलेला मला जास्त आवडतो. सारख्या लांबीच्या दहा कामट्या लागतात. पाचाची एक चांदणी, अशा दोन. लांबी अर्धा इंच जरी कमी-जास्त झाली तरी चांदणी लंगडी दिसते, म्हणून सगळ्या एकत्र धरून कापा. दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून पाचही टोकं दोऱ्याने बांधा, आणि मग आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी तीन-चार इंचांच्या काड्या उभ्या अडकवा. चांदणी पोट काढून फुगते. काड्या लांब घेतल्या तर टोकं ताणून दोरा सुटतो. पतंगाचा कागद चिकटवताना खळ वापरू नका. पहाटेच्या दवाने बाल्कनीत ती सुटते आणि कागद फडफडतो. आत दिवा एलईडीचाच. जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद करपतो. गोठ्यावर, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यावर, बर्फ म्हणून कापूस पसरणाऱ्यांनीही जवळ मेणबत्ती किंवा तापणारा दिवा ठेवू नये, कापूस क्षणात पेटतो. थर्माकोलचा बर्फ तर नकोच, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. आणि झाडाच्या फांद्या हव्यात म्हणून कोणी येऊरला जाऊन तोडू नये. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. कुंडीतलं झाड आणा, पुढच्या वर्षीही होईल.

गोठ्यातली हिरवळ हा माझा लाडका भाग, आणि इथेच मी पुन्हा फसले. गहू किंवा नाचणी ताटलीत पेरून गवत वाढवतात, हुबेहूब घटाच्या धानासारखं. मी ते नवरात्रातल्यासारखं देवघराच्या कोपऱ्यात ठेवलं. घटाचं धान पिवळं आलं तर आपल्याला चालतं, उलट छान दिसतं. गोठ्याभोवती मात्र हिरवं कुरण हवं, आणि हिरवेपणा उजेडाशिवाय येत नाही. अंधारात वाढलेलं माझं गवत वीतभर पिवळं होऊन २३ तारखेलाच आडवं झालं. आता मी १५-१६ डिसेंबरला पेरते, दोन दिवस झाकून ठेवते आणि मोड दिसले की खिडकीत, उन्हात. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर बुरशी धरते. फार वाढलं तर कात्रीने सारखं करा.

बाळ येशूची मूर्ती पहिल्याच दिवशी गव्हाणीत मांडून ठेवली होती, तेव्हाही आंटी हसल्या होत्या. "आजून जन्म झाला नाय तेचा." ती २४ च्या रात्री ठेवतात, तोपर्यंत गव्हाण रिकामी. आणि २६ ला सगळं उतरवायची घाई करू नका. तळावपाळीवरून घरी येताना बघा, कितीतरी बाल्कन्यांत चांदण्या जानेवारीतही लागलेल्या असतात. गोठा ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे तीन राजांच्या सणापर्यंत ठेवायची रीत आहे.

उतरवताना चांदणीचा कागद फाडा, सांगाडा फेकू नका. आमचा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातो. दिवाळीला त्याच कामट्यांवर केशरी कागद आणि खाली झिरमिळ्या लावतो, आणि डिसेंबरात आंटी पांढरा कागद घेऊन येतात. यंदा एक कामटी मोडलीय, तेवढी बदलायची आहे.