दर्शन व्हावं असं फार वाटतंय? मग हे करा

प्रार्थनेत येशूचं, मरियेचं दर्शन व्हावं असं वाटतं ना, वाटू दे, पण मागत बसू नका. इजिप्तच्या वाळवंटात पूर्वी जे ख्रिस्ती संन्यासी राहायचे त्यांच्यातली गोष्ट सांगतात, त्यांच्यातल्या एका संन्याशापुढे सैतान लख्ख उजेडातला देवदूत बनून आला, म्हणाला मी गाब्रिएल, तुझ्याकडे पाठवलंय मला. हा साधा माणूस म्हणतो, बघा बुवा, दुसऱ्या कोणाकडे पाठवलं असेल, माझी कुठे लायकी! झालं, समोरचा गायब.

तर हेच करायचं. काही दिसलं तरी हुरळायचं नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं तर अजिबातच नाही, आपल्या फादरना किंवा पाळकांना एकदा सांगायचं आणि रोजची प्रार्थना, रोजची भांडी चालू ठेवायची. दर्शनाला भुललो नाही म्हणून देव असा रुसत नाही हो. दर्शनानंतर घरच्यांवर जास्तच खेकसायला लागलात तर मात्र समजा काहीतरी गडबड आहे.

येशूचा प्रेषित पौल, त्याचं बघा ना, १४ वर्षांपूर्वीचं दर्शन सांगतो तेही आडून, एका माणसाला मी ओळखतो म्हणे (बायबलमधलं करिंथकरांना दुसरं पत्र, अध्याय १२), आणि लगेच पुढे अंगातल्या काट्याचं सांगतो, म्हणजे गर्वाने फुगू नये म्हणून मिळालेल्या त्रासाचं.