मेंदूतली रसायनं मोजायला शिकताना

मेंदूच्या इमेजिंगमध्ये काम करायचंय म्हणणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी आधी एकच विचारते: तुला मोजायचंय काय? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर राखाडी मेंदूवरचे लाल-पिवळे ठिपके असतात. ते एफएमआरआयचे. रक्तातल्या ऑक्सिजनप्रमाणे एमआरआयचा सिग्नल बदलतो, हे सेइजी ओगावा यांनी १९९० साली दाखवलं आणि त्यावर ही पद्धत उभी राहिली. म्हणजे ठिपका दिसतो तो रक्तपुरवठ्यातल्या बदलाचा, आणि तोही चेतापेशी कामाला लागल्यावर पाच-सहा सेकंदांनी टोकाला पोचतो. तिथे डोपामिन सुटलं की गाबा वाढलं (ही दोन्ही चेतापेशींमधले निरोप नेणारी रसायनं), हे त्यातून कळत नाही.

रसायनंच बघायची असतील तर पेट स्कॅन किंवा एमआर स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे एमआरआय यंत्रानेच रेणू ओळखून मोजण्याची पद्धत. पेटमध्ये रॅक्लोप्राइडसारखं किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात. ते डोपामिनच्या डी-२ ग्राहींना (पेशींवरच्या डोपामिन पकडणाऱ्या जागांना) चिकटतं. मेंदूत डोपामिन वाढलं की या द्रव्याला जागा कमी उरते आणि सिग्नल घटतो. कार्बन-११ लावलेल्या द्रव्याची किरणोत्सारिता दर वीस मिनिटांनी निम्मी होते, त्यामुळे सायक्लोट्रॉन (हा किरणोत्सारी कार्बन तयार करणारं यंत्र) जवळच लागतो आणि रसायनतज्ज्ञ, डॉक्टर, तंत्रज्ञ सगळे घड्याळाला बांधलेले असतात. रसायनशास्त्राची ओढ असेल आणि अशा धावपळीत डोकं शांत राहत असेल, तर पेटकडे जरूर जा.

मी स्पेक्ट्रोस्कोपीत रमले. नेहमीच्याच एमआरआय यंत्रावर होते, किरणोत्सार नाही. अडचण एवढीच की मेंदूतल्या पाण्याचा सिग्नल आपल्याला हव्या त्या रेणूंच्या हजारो पट मोठा असतो. तो आधी दाबावा लागतो. मग पडद्यावर एक नागमोडी रेघ येते. २.० पीपीएमला (पीपीएम म्हणजे रेघेवरची जागा सांगणारं एकक) एन-ॲसिटिल ॲस्पार्टेटचं उंच शिखर, ३.० ला क्रिएटिन, ३.२ ला कोलीन. गाबाही ३.० लाच असतं, पण क्रिएटिनच्या खाली पुरतं झाकलेलं. ते बाहेर काढायला १.९ पीपीएमवर एक खास पल्स (रेडिओलहरींचा छोटा झोत) एकाआड एक देतात आणि दोन्ही रेघांची वजाबाकी करतात. क्रिएटिन उडून जातं, गाबाचा छोटासा उंचवटा उरतो. त्यातही मोठ्या रेणूंची भेसळ असते, म्हणून शोधनिबंधांत 'गाबा-प्लस' लिहितात. शिवाय हे साधारण तीन सेंटिमीटर बाजूच्या ठोकळ्यातलं एकूण गाबा. चेतापेशींच्या सांध्यावर त्यातलं किती काम करतंय, ते यातून सांगता येत नाही, आणि तसा दावा कुणी केला तर बेलाशक हटकावं.

ही वजाबाकी फार नाजूक आहे. डोकं थोडं हललं तरी बिघडते. एफएमआरआयनंतर लगेच गाबा मोजायला घेऊ नका. ग्रेडियंट (यंत्रातली चुंबकीय क्षेत्र बदलणारी वेटोळी) तापलेले असतात, ते निवताना चुंबकीय क्षेत्र हळूहळू सरकतं आणि क्रिएटिन नीट वजा होत नाही. आधी गाबा, मग एफएमआरआय. आकडा येण्याआधी कच्ची रेघ स्वतःच्या डोळ्यांनी बघायची सवय लावून घ्या. सॉफ्टवेअर वाईट डेटावरही बिनदिक्कत आकडा काढून देतं.

तयारी म्हणाल तर पायथन किंवा मॅटलॅबमध्ये प्रोग्रॅमिंग, थोडं चुंबकीय अनुनादाचं भौतिकशास्त्र आणि भरपूर संख्याशास्त्र. संख्याशास्त्राचा कंटाळा येत असेल तर मेलेल्या सामन माशावर २००९ साली केलेल्या एफएमआरआयबद्दल वाचा: हजारो ठिकाणी एकाच वेळी चाचणी केली आणि त्यासाठी दुरुस्ती केली नाही, तर मेलेल्या मेंदूतही हालचाल 'सापडते'. स्कॅनर हाताशी नसला तरी अडत नाही. ओपनन्यूरो या संकेतस्थळावर कितीतरी अभ्यासांचा डेटा मोफत मिळतो. एखाद्या छापलेल्या निबंधाचा निकाल त्यावरून पुन्हा काढून बघा.

आणि स्कॅनरमध्ये झोपतो तो माणूस असतो. त्याला सुरुवातीलाच सगळं नीट समजावा: आवाज किती येईल, धातूची वस्तू का चालत नाही, घाबरल्यास कोणतं बटण दाबायचं. निरोगी म्हणून आलेल्याच्या मेंदूत कधी अनपेक्षित गाठही दिसते. ती कुणाला दाखवायची, त्याला कोण आणि कसं सांगणार, हे पहिला स्कॅन करण्याआधीच लेखी ठरलेलं असू द्या.